नवारातून चालताना : लेयरे, हाविएर, सांगुएसा आणि पुढे वियानापर्यंत

घाटमाथा

सान्तियागोच्या वाटेबद्दल, म्हणजे स्पेनमध्ये सेंट जेम्सच्या समाधीकडे जाणाऱ्या जुन्या ख्रिस्ती यात्रेच्या वाटेबद्दल, इथे अधूनमधून विचारणा होते. कुणाला सां-जाँ-पिए-द-पोर या फ्रेंच गावापासून सान्तियागो दे कोम्पोस्तेलापर्यंतची जवळजवळ आठशे किलोमीटरची अख्खी वाट चालायची असते, पण तेवढी रजा नसते. कुणाला सारियाहून शेवटचे शंभरेक किलोमीटर चालून प्रमाणपत्र हवं असतं. रजा दहा दिवसांचीच असेल तर माझं आग्रहाचं सांगणं आहे, नवारा प्रांतात जा आणि तेवढाच नीट चाला. सान्तियागो पुढे कधीतरी.

नवारा स्पेनच्या उत्तरेला, पिरेनीज पर्वताला टेकून आहे. पिरेनीज ओलांडून येणाऱ्या दोन जुन्या वाटा इथे एकत्र येतात. एक रॉन्सेसवायेसवरून पाम्प्लोनाला उतरते आणि सगळी गर्दी हिच्यावर असते. दुसरी आरागोनची वाट. ती पूर्वेकडच्या १६३२ मीटर उंचीच्या सोम्पोर्त खिंडीतून येते, हाका शहर घेते, सांगुएसाजवळ नवारात शिरते आणि ओबानोस-पुएन्ते ला रेइनाच्या आसपास पहिलीला मिळते. मी ही दुसरी धरली, आणि सुरुवात केली लेयरेच्या मठापासून.

लेयरेला बेनेडिक्टाइन साधू आहेत. त्यांची सायंप्रार्थना कुणीही मागच्या बाकावर बसून ऐकू शकतं. देवळाखालचं तळघर अकराव्या शतकातलं आहे. आखूड जाडजूड खांब, त्यांवर प्रचंड मोठे दगडी माथे, आणि एकाची उंची दुसऱ्याला जुळत नाही. नवाराचे सुरुवातीचे राजे या मठात पुरलेत. विरिला नावाच्या मठाधिपतीची गोष्ट इथलीच. रानात पक्ष्याचं गाणं ऐकत बसला आणि परत आला तेव्हा तीनशे वर्षं उलटली होती. मठामागच्या डोंगरात त्याच्या नावाचा झरा आहे. तिथवर चढून जा, खाली येसाचं धरण पूर्ण दिसतं.

लेयरेहून येसा गावात उतरायचं आणि तिथून हाविएर. जुन्या गोव्यात बॉम जेझस बासिलिकेत ज्यांचे अवशेष आहेत, त्या सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं हे घर. ७ एप्रिल १५०६ रोजी ते इथल्या गढीत जन्मले. वडील नवाराच्या राजाच्या मंडळाचे अध्यक्ष होते. १५१२ मध्ये शेजारच्या कास्तिल राज्याने नवारा जिंकलं आणि १५१६ मध्ये कास्तिलचा कारभार पाहणाऱ्या कार्डिनल सिस्नेरोसच्या हुकमाने या गढीचे बुरूज पाडले गेले. फ्रान्सिस तेव्हा दहा वर्षांचे. मोठे भाऊ नवाराच्या बाजूने लढत राहिले. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत कास्तिलच्या बाजूने लढताना ज्याचा पाय तोफेच्या गोळ्याने मोडला तो इग्नेशियस लोयोला. पुढे पॅरिसमध्ये हा इग्नेशियस आणि फ्रान्सिस एकाच खोलीत राहिले, आणि तिथून जेझुइट संघ उभा राहिला. पुस्तकात हे सगळं वाचलं होतं, पण पुन्हा बांधलेल्या त्या बुरुजाखाली उभं राहून येसाकडच्या माळाकडे पाहताना त्या दहा वर्षांच्या मुलाने काय पाहिलं असेल, हा विचार डोक्यातून जाईना.

गढीतल्या छोट्या देवळात अक्रोडाच्या लाकडाचा क्रूसावरचा ख्रिस्त आहे, आणि तो हसतोय. चारी बाजूंच्या भिंतींवर नाचणारे सांगाडे रंगवलेत. इतक्या क्रूसमूर्ती पाहिल्या, अशी दुसरी आठवत नाही.

हाविएर ते सांगुएसा आठ किलोमीटर. सांगुएसाच्या सान्ता मारिया देवळाच्या दक्षिण दरवाजासाठी अर्धा दिवस मोकळा ठेवा. बाराव्या शतकात एवढ्या मूर्ती एका दरवाजावर का कोंबल्या असतील, हे तिथे बसूनच कळतं. शेवटच्या निवाड्याचा देखावा, गळफास घेतलेला जुडास, सुतार, लोहार, जनावरं. मारियेच्या हातातल्या पुस्तकावर शिल्पकाराने स्वतःचं नाव कोरलंय, लेओदेगारिउस.

पुढचे दोन टप्पे लांब आहेत. सांगुएसा ते मोनरेआल सत्तावीसेक किलोमीटर, मोनरेआल ते पुएन्ते ला रेइना तीस. गव्हाची शेतं, पवनचक्क्या, चार-दोन घरांची गावं. खानावळ मिळेलच असं नाही, म्हणून पाणी आणि खाणं पाठीवर हवं. सांगुएसाहून लुंबिएरच्या घळीतून जाणारा एक फाटाही आहे. तिथे बंद पडलेल्या रेल्वेचे दोन बोगदे पायी ओलांडावे लागतात (विजेरी न्या) आणि वर कड्यांवर गिधाडं असतात. मी तोच घेतला, आणि कुणी विचारलं तर तोच घ्या म्हणेन.

पुएन्ते ला रेइनाच्या थोडं आधी शेतात एकटंच उभं असलेलं एउनातेचं देऊळ येतं. अष्टकोनी, बाराव्या शतकातलं, भोवती कमानींची मोकळी रांग. आजूबाजूला गाव नाही. उत्खननात इथे थडगी मिळाली आणि त्यांत शिंपले मिळाले. शिंपला ही या वाटेवरच्या यात्रेकरूंची खूण, म्हणजे यात्रेकरू इथे पुरले जात.

पुएन्ते ला रेइनाच्या पुढे गर्दीची वाट सुरू होते : एस्तेया, लोस आर्कोस, वियाना. हाविएरपासून वियानापर्यंत सगळं मिळून सव्वाशे किलोमीटर भरतं. प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देते.

मुक्ता_पुणे

वाचनखूण साठवली! दोन शंका. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. आणि एकटी बाई म्हणून त्या सुनसान टप्प्यांवर कसं वाटलं?

घाटमाथा

मुक्ता, आधी खाण्याचं. नवारा भाज्यांचा प्रांत आहे, म्हणून इतर स्पेनपेक्षा इथे बरं जमतं. पांढरा शतावर, लोदोसाच्या भाजलेल्या लाल मिरच्या, पोचास नावाच्या ताज्या पांढऱ्या घेवड्याची उसळ. पण भाजीच्या पदार्थातही हॅमचे तुकडे पडतात आणि साध्या सॅलडवर ट्यूना येतो, तेव्हा 'सिन हामोन, सिन आतून' (हॅम नको, ट्यूना नको) हे आधीच सांगायचं. बटाट्याचं जाड ऑम्लेट, म्हणजे तोर्तिया, सकाळपासून मिळतं. रोंकाल खोऱ्यातलं मेंढीचं चीज आणि मध घातलेली कुआहादा रोज खाल्ली तरी चालेल. मुक्कामाच्या आल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, बहुधा स्वयंपाकघर असतं. मसूर कुठल्याही दुकानात मिळतात. घरून फक्त गोडा मसाला आणि हिंग न्या.

एकटीचं म्हणशील तर, मोनरेआलच्या आधी काही तास माणूस दिसला नाही. भीती वाटली नाही, पण फोन भरलेला ठेवला होता आणि आल्बेर्गेतल्या बाईंना कुठून जाणार ते सांगून निघाले होते. संकटात ११२. एकांताची सवय नसेल तर पुएन्ते ला रेइनाच्या पुढे चाल, तिथे सतत कुणीतरी मागेपुढे असतं.

राईनकाठ

धागा आवडला, पण रॉन्सेसवायेसची बाजू मांडायलाच हवी. मी जर्मनीत राहतो, सां-जाँहून चाललो होतो. पहिल्याच दिवशी बाराशे मीटरहून जास्त चढ आहे. खिंडीच्या पलीकडे बीचच्या रानातून उतरल्यावर रॉन्सेसवायेसचं राखाडी छप्पर दिसतं, तो आनंद आरागोनच्या वाटेवर मिळणार नाही. बाराव्या शतकापासून तिथे यात्रेकरूंना आसरा मिळतोय. संध्याकाळच्या मिसेनंतर (चर्चमधल्या प्रार्थनाविधीनंतर) सगळ्यांना पुढे बोलावून आशीर्वाद देतात. आमच्या वेळी पाद्रीबाबांनी कोण कुठल्या देशातून आलंय ते वाचून दाखवलं. नवाराचा राजा सांचो सातवा तिथेच पुरलाय. १२१२ च्या लास नावासच्या लढाईतून त्याने आणल्या म्हणतात त्या साखळ्याही तिथे आहेत, आणि नवाराच्या राजचिन्हात त्याच साखळ्या आहेत.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. डोंगरावरची ही वाट १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंद असते. तेव्हा वाल्कार्लोसच्या खोऱ्यातून जायचं. धुक्यात आणि बर्फात तिथे माणसं दगावली आहेत. 'बघू, जमलं तर जाऊ' असं अजिबात करू नका.

पाम्प्लोनानंतरचा पेर्दोनचा डोंगरही सोडू नये. माथ्यावर लोखंडी पत्र्यातून कापलेल्या यात्रेकरूंची रांग १९९६ पासून उभी आहे. उतारावर मात्र गोटे आहेत, तिथे काठी लागते.

घाटमाथा

राईनकाठ, हे मान्य. रजा जास्त असेल तर रॉन्सेसवायेसहून निघावं आणि ओबानोसच्या अलीकडे मुरुसाबालहून एउनातेला वळसा घालावा. तो फार लांब पडत नाही.

पाम्प्लोनाबद्दल थोडं. या वाटेने देवळंच काय, शहरंही घडवली. फ्रान्समधून आलेले व्यापारी आणि कारागीर इथे वसवले गेले, त्यांना सवलती दिल्या गेल्या. एस्तेया तर १०९० मध्ये राजा सांचो रामिरेसने अशांसाठीच वसवलं. पाम्प्लोनात जुने रहिवासी आणि हे नवे लोक वेगवेगळ्या तटबंद वस्त्यांत राहत, आणि वैर इतकं की १२७६ मध्ये नावारेरिया ही एक वस्ती पूर्ण उद्ध्वस्त झाली. १४२३ मध्ये राजा तिसऱ्या कार्लोसने तिन्ही वस्त्या एका शहरात जोडल्या. आजही सान सेर्निनच्या देवळाचे मनोरे पाहिले तर ते किल्ल्याचे बुरूज वाटतात, कारण ते लढण्यासाठीच होते. यात्रेची वाट म्हणजे नुसता भाविकांचा प्रेमळ मेळा नव्हता, पैसा आणि सत्ताही याच वाटेने चालली.

बार्देसकार

आमच्या घरात गोंयच्या सायबाचं, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं, फेस्त म्हणजे वर्षाचा मोठा दिवस. ३ डिसेंबर, त्याआधी नऊ दिवस नोव्हेना. पहाटे काळोखात चालत जुन्या गोव्याला जाणारे लोक मी लहानपणापासून बघत आलोय, बेळगाव आणि सिंधुदुर्गाकडूनही जथे चालत येतात. दर दहा वर्षांनी होणारं अवशेषांचं दर्शन गेल्या वेळी २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं होतं, तेव्हा आम्ही घरचे सगळे रांगेत होतो. हाविएरला असं काही असतं का? लोक तिथेही चालत जातात?

राईनकाठ

जातात, आणि कसे! त्याला हाविएरादा म्हणतात. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, दोन शनिवार-रविवारी. १८८५ च्या कॉलऱ्याच्या साथीत नवाराने नवस बोलला आणि १८८६ मध्ये तो फेडायला लोक हाविएरला चालत गेले. आजचं रूप १९४० च्या सुमाराचं. पाम्प्लोनाहून पन्नासेक किलोमीटर अंतर आहे, बरेच लोक रात्रभर चालतात, काही मधे मुक्काम करतात. गावागावांचे, शाळांचे, चर्चचे गट येतात, काही खांद्यावर लाकडी क्रूस घेऊन. सांगुएसाला सगळे जमतात आणि तिथून शेवटचे आठ किलोमीटर क्रूसाच्या वाटेची प्रार्थना म्हणत गढीपर्यंत जातात. मग उघड्यावर मिसा.

मी एका मार्चमध्ये सांगुएसाहून त्यांच्यात मिसळलो. पाऊस होता, बोचरा वारा होता. रस्त्याकडेला स्वयंसेवक सूप देत होते, मलमपट्टीचे तंबू होते. शेजारी चालणाऱ्या आजोबांना मी भारतातला हे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, 'गोवा पाहिलाय का?' त्यांना बॉम जेझसचं नाव पाठ होतं.

बार्देसकार

हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. आईला दाखवतो. पुढच्या मार्चची चौकशी सुरू.

इंद्रायणी

आळंदी ते पंढरपूर चाललेली आहे, म्हणून विचारते. वारीसारखं वाटतं का?

घाटमाथा

सान्तियागोची वाट वारीसारखी नाही, असं मला वाटतं. वारीला तिथी आहे, दिंडी आहे, दिंडीत तुमची जागा ठरलेली आहे, पुढे पालखी आहे. सान्तियागोला वर्षभर कुणीही, कधीही, एकटं निघतं आणि आपल्या चालीने जातं. संध्याकाळी आल्बेर्गेत जी माणसं भेटतात ती उद्या भेटतीलच असं नाही. एकत्र अभंग म्हणत चालण्याची जी ताकद असते तिची उणीव मला तिथे खूप जाणवली. राईनकाठ यांनी सांगितलेली हाविएरादा मात्र वारीच्या बरीच जवळ दिसते. ठरलेला काळ, गावाचा गट, सामुदायिक प्रार्थना, वाटेत सेवा करणारे लोक. वारी केलेल्या माणसाने नवारात जायचं तर मार्चमध्ये जावं, असं मी आता म्हणेन.

जुना_पाटील

वर्णन उत्तम. पण झेवियर यांच्याबद्दल एवढ्या श्रद्धेने लिहिताना गोव्यातल्या इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, उल्लेख नसणं खटकलं. ती त्यांनीच मागितली होती ना?

घाटमाथा

पाटीलसाहेब, प्रश्न रास्त आहे. १६ मे १५४६ रोजी पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी भारतात इन्क्विझिशन बसवण्याची गरज असल्याचं म्हटलंय, हे खरं. ३ डिसेंबर १५५२ ला ते चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले आणि गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये बसली. म्हणजे ती चालवणारे ते नव्हते, पण मागणी त्यांचीही होती. त्याच पत्रव्यवहारात पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या लुटारूपणावर त्यांनी ओढलेले कडक ताशेरेही आहेत. इन्क्विझिशनने इथल्या लोकांचे, नवख्रिस्ती आणि हिंदू दोघांचे, जे हाल केले ते लपवण्याचं काही कारण नाही. हाविएरच्या संग्रहालयात प्रवास आणि धर्मप्रसार सविस्तर आहे, गोव्यातल्या लोकांची बाजू मला दिसली नाही, आणि ती तिथे असायला हवी असं मनापासून वाटलं.

बार्देसकार

पाटीलसाहेब, आमच्याच घराण्यात दोन्ही आठवणी आहेत. पूर्वज देव घेऊन नदीपलीकडे गेले त्यांच्या आणि इथे राहिले त्यांच्याही. तरी आई सायबाकडे मागणं मागते आणि मीही मागतो. इतिहास पूर्ण सांगा, माझी हरकत नाही. फक्त चालत येणाऱ्या माणसाच्या श्रद्धेला त्यात ओढू नका, एवढंच.

जुना_पाटील

ओढत नाही. उत्तर मिळालं, आभारी आहे.

मुक्ता_पुणे

परत कामाचे प्रश्न! ख्रिस्ती नसलेल्यांना ती यात्रेकरूंची वही मिळते का? सान्तियागोपर्यंत गेलो नाही तर प्रमाणपत्राचं काय? आणि २०२७ ला पवित्र वर्ष आहे म्हणतात, ते काय?

राईनकाठ

वही, म्हणजे क्रेदेन्सियाल, कुणालाही मिळते, धर्म विचारत नाहीत. आल्बेर्गेत राहायला ती लागते. मुक्कामाच्या ठिकाणी, देवळात, खानावळीत शिक्के घेत जायचे. सान्तियागोचं प्रमाणपत्र मात्र तिथपर्यंत किमान शंभर किलोमीटर चालत पोचल्यावरच. नवारातलं चालणं वाया जात नाही, तीच वही जपून ठेवा आणि पुढच्या खेपेला वियानाहून सुरू करा. युरोपातले कितीतरी लोक असे तुकड्यातुकड्यांनी वर्षानुवर्षं चालतात.

सेंट जेम्सचा दिवस, २५ जुलै, ज्या वर्षी रविवारी येतो ते पवित्र वर्ष. मागचं २०२१ होतं, महामारीमुळे २०२२ पर्यंत वाढवलं. पुढचं २०२७. एरवीच गर्दी वाढत चाललीय, २०२४ मध्ये जवळजवळ पाच लाख लोकांना प्रमाणपत्र मिळालं, तेव्हा २०२७ ला जागा आधी धरूनच निघा. आरागोनच्या वाटेवर त्या मानाने निवांत असेल.

कोकणकडा२२

सप्टेंबरअखेर जायचं पक्कं करतोय. पुएन्ते ला रेइना ते वियाना या भागाबद्दल घाटमाथा यांनी फारच थोडक्यात आटोपलं. तिथे काय चुकवू नये? आणि सामान किती?

घाटमाथा

पुएन्ते ला रेइनाचा अकराव्या शतकातला पूल ओलांडूनच गावाबाहेर पडायचं, तो चुकणं शक्यच नाही. पण आदल्या संध्याकाळी नदीकाठी उतरून खालून बघा. सिराउकी गाव टेकडीवर आहे, त्याच्या पलीकडच्या उतारावर रोमन रस्त्याचे दगड अजून पायाखाली येतात. लोर्काच्या अलीकडे सालादो नावाचा ओढा लागतो. बाराव्या शतकातल्या कोदेक्स कालिक्स्तिनुस या ग्रंथात यात्रेकरूंसाठी मार्गदर्शन आहे, त्यात या ओढ्याचं पाणी घोड्याला पाजू नका असं बजावलंय : काठावर दोन नवारी माणसं सुऱ्या परजत बसली होती, आमची दोन घोडी पाणी पिऊन मेली आणि त्यांनी तिथेच सोलली. लिहिणाऱ्याचा नवारी लोकांवर एवढा राग होता की त्यांच्याबद्दल बरे शब्द अगदी मोजकेच आहेत. मला तिथे भेटलेल्या माणसांनी शेतातली द्राक्षं दिली, हे मुद्दाम नोंदवते.

एस्तेयात सान पेद्रो दे ला रुआ देवळाचा ओवरीचा चौक पाहा. पुढे इराचेला मठाशेजारी द्राक्षमळेवाल्यांनी १९९१ मध्ये भिंतीत वाइनची तोटी बसवलीय, येणाऱ्या-जाणाऱ्याला घोटभर फुकट. लोस आर्कोसच्या आधी बाराएक किलोमीटर सावली नाही आणि गावही नाही, तो टप्पा सकाळीच संपवा. तोरेस देल रिओचं अष्टकोनी देऊळ बाहेरून साधं दिसतं. कुलूप असेल तर दारावर लिहिलेल्या क्रमांकावर फोन करा आणि आत जाऊन घुमटाच्या आतल्या पट्ट्या बघा, एकमेकींना छेदून आठ टोकांचा तारा होतो. कोर्दोबाच्या मशिदीतल्या घुमटांची आठवण होते. वियानात इटलीतला कुप्रसिद्ध सरदार सेझारे बोर्जा पुरलाय, तो १५०७ मध्ये गावाबाहेरच्या चकमकीत मारला गेला.

सामान : आपल्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको. कपड्यांचे दोन जोड, एक उबदार थर, पावसाळी कोट, पातळ झोपायची पिशवी, लोकरीचे मोजे. बूट निदान महिनाभर सह्याद्रीत वापरून मऊ केलेले असावेत. पायाला कुठे गरम लागायला लागलं की तिथल्या तिथे थांबून पट्टी लावायची, फोड येईपर्यंत वाट बघायची नाही. झोपायच्या आधी गादीच्या शिवणी ढेकणांसाठी तपासायच्या.

सप्टेंबरअखेर म्हणजे द्राक्षतोडणीचा हंगाम, हवा छान असते. शेंगेन व्हिसासाठी मुलाखतीची वेळ उन्हाळ्यात लवकर भरते, तिकिटाआधी ती बघा. माद्रिदहून पाम्प्लोनाला आगगाडी आणि बस दोन्ही आहेत, तिथून सांगुएसाला बस. रविवारी ती कमी असतात. परतताना वियानाहून लोग्रोन्यो दहाएक किलोमीटर चालत गेलात की तिथून माद्रिदची बस मिळते.

कोकणकडा२२

खूप आभार. तारखा ठरल्या की इथेच कळवतो. मुक्ता, तुम्हीही सप्टेंबर बघत असाल तर सांगुएसा-मोनरेआलचा टप्पा बरोबर करता येईल, माझी बायकोही असेल.

मुक्ता_पुणे

चालेल की! व्यक्तिगत निरोप करते.